बळीची ओळ

१

सकाळचे साडेआठ. पीक संशोधन केंद्राचं गव्हाचं शेत, कर्मचाऱ्यांच्या घरांना लागून असलेला तुकडा. दव अजून वाळलेलं नव्हतं. रोगशास्त्र विभागातल्या बाई कमरेत वाकून पानं उलटून पाहत होत्या, आणि एकाही पानावर तांबेरा नव्हता.

गव्हावरच्या तांबेरा रोगाच्या अभ्यासात बाईंची उभी हयात गेली होती. लोक तोंडावर मॅडम म्हणत, पाठीमागे तांबेराबाई. बाईंना दोन्ही नावं ठाऊक होती, आणि दुसरं नाव जास्त आवडायचं. मॅडम काय, कुणीही असतं.

नव्या वाणाची परीक्षा घ्यायची एक ठरलेली रीत असते. मधे नवे वाण पेरायचे आणि कडेने एक ओळ अशा जुन्या वाणाची लावायची, जो तांबेऱ्याला हटकून बळी पडतो. दव पडायच्या सुमारास त्या ओळीवर रोगाची भुकटी पाण्यात कालवून फवारायची आणि वर प्लास्टिक पांघरायचं, म्हणजे रात्रभर ओल राहते आणि रोग धरतो. ओळ एकदा पेटली की तिच्यावरून तांबेरा आतल्या वाणांवर उडतो. मग कोण तगतं आणि कोण लोळतं ते दिसतं. केंद्रात सगळे तिला बळीची ओळ म्हणत. आजारी पडणं, एवढंच तिचं काम. ती आजारी पडली नाही तर परीक्षाच झाली नाही.

आणि ती ओळ पोपटासारखी हिरवीगार उभी होती.

गुण शून्य ते नऊ. शून्य म्हणजे ठणठणीत, नऊ म्हणजे कामातून गेलेला. "जिथे भोपळा मिळवणारा पहिला येतो अशी ही एकच शाळा," फवारणीवाला नेहमी म्हणायचा. "मला लहानपणी इथेच घालायला हवं होतं."

आज त्याने पानावरून अंगठा फिरवला आणि तांबूस भुकटीचा डाग नसलेला अंगठा बाईंना दाखवला.

"मॅडम, फवारलं होतं ना आपण?"

"तुम्ही फवारलंत. मी शेजारी उभी होते."

"मग गेलं कुठे?"

बाईंनी मान वर केली. बळीच्या ओळीपलीकडे पाऊलवाट होती, आणि वाटेपलीकडे घरांची बैठी रांग. एकाला एक लागून, एकाच उंचीची, एकाच चुन्याची. त्यातलं शेवटून दुसरं बाईंचं. दारात त्यांची आई खुर्ची टाकून उन्हाला बसली होती आणि डावा दंड खाजवत होती.

२

"रोग नाही ही बातमी वाईट कशी, हे मला समजावून सांगा," संचालक म्हणाले.

त्यांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली त्यांचेच फोटो. नवा वाण त्यांच्या नावाने बाहेर पडणार होता. पाहणी समिती दारात येऊन ठेपली होती.

"बळीची ओळ निरोगी असेल तर परीक्षा झालीच नाही, साहेब. पेपर न वाटता सगळे पास."

"हवामान कोरडं असेल."

"दव रोज पडतंय. भुकटी मी स्वतः तपासली होती, जिवंत होती. उडती भुकटी धरायला शेतात काचपट्ट्या लावल्या, व्हॅसलीन फासून. साधी धूळही चिकटली नाही. हवेतून काहीतरी सगळं ओढून घेतंय."

"काहीतरी!" संचालक हसले. "बाई, तुम्ही शास्त्रज्ञ आहात की मांत्रिक? चाचणी ग्राह्य म्हणून सही करा. तुमच्या प्राध्यापकपदाचा कागद माझ्याच टेबलावर आहे, विसरू नका."

"विसरले नाही. काचेखाली ठेवलाय का, फोटोंच्या शेजारी?"

संचालकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बाई उठून बाहेर पडल्या. अशा खोल्यांतून दार न आपटता बाहेर पडायची कला त्यांना कधीच साधली नव्हती.

३

त्या संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास बाईंना पंपाचा आवाज आला. पाठीवरचा हातपंप: दांडा खाली, दांडा वर, मग लांब फुस्स. घरांच्या मागच्या बाजूने, सावकाश, रांगेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे.

फवारणीवाला दोन दारं सोडून राहायचा. बाईंनी त्याच्या दारावर थाप मारली. तो बनियनवर, तोंडाला साबणाचा फेस लावून बाहेर आला.

"मागे कोण फवारतंय?"

"आपल्यात फवारणारा मी एकटा, आणि मी दाढी करतोय." मग त्यालाही आवाज ऐकू आला. वस्तरा तसाच हातात राहिला. "पंप खुंटीवर आहे, मॅडम. कोरडा. दाखवू?"

दोघं मागे गेले. कोणी नव्हतं. फक्त मागच्या भिंती ओल्या होत्या, जमिनीपासून वळचणीपर्यंत, सारख्या हाताने. कुठे ओघळ नाही, कुठे कोरडा ठिपका नाही.

"फवारणी मात्र झकास आहे," तो हळूच म्हणाला. "मला नसती जमली."

सकाळी घरातल्या सगळ्या काचांना आतून घाम फुटलेला होता. श्वास घेतला की ओला कपडा नाकावर धरल्यासारखं वाटत होतं. बाईंनी स्वतःची समजूत काढली: थंडी आहे, खिडक्या बंद होत्या, रात्री पाणी तापवलं होतं. कारणं चांगली होती. विद्यार्थ्याने दिली असती तर बाईंनी मान्यही केली असती. पण बाहेर पडताना त्यांनी वळून घराकडे पाहिलं, आणि प्लास्टिक पांघरलेली ओळ सकाळी कशी दिसते ते त्यांना आठवलं. आतून अशीच घामेजलेली.

रांगेतल्या सगळ्या काचा तशाच होत्या. संचालकांचा बंगला मात्र लांब, टेकाडावर. तिथल्या काचा लख्ख होत्या.

४

भिंतींवर तांबूस पुटकुळ्या उठल्या. आधी वळचणीखाली, मग चौकटींभोवती, मग आतल्या खोल्यांत. टाचणीच्या डोक्याएवढ्या, उभ्या रेघांत. बोट लावलं की फुटायच्या आणि बोटाला विटकरी भुकटी लागायची.

"ओल आहे. गजांचा गंज उतरतोय," शेजारचे आकडेवाले म्हणाले. केंद्रातल्या चाचण्यांची मांडणी तेच करायचे, कुठला वाण कुठल्या वाफ्यात जायचा ते. एकटा जीव, तोंडाने तिखट. "चुन्यात भेसळ झाली असेल. इथे कशात होत नाही?"

बाईंनाही तेच हवं होतं. गंज, विटांची धूळ, खिशात गेलेला चुना, काहीही चाललं असतं. त्यांनी ती भुकटी काचपट्टीवर घेतली आणि प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बराच वेळ डोळा लावून बसल्या. मग आकडेवाल्यांना बोलावून आणलं.

"काय दिसतं?"

"गोल गोल. काटेरी. मला काय कळतंय त्यातलं? मी आकड्यांचा माणूस."

"तांबेरा आहे. माझा तांबेरा. आम्ही फवारलेला."

"मग सापडला की! पेढे वाटा."

"अहो, तांबेरा जिवंत हिरव्या पानावरच जगतो. पान मेलं की तो मेला. आम्ही त्याला बशीत वाढवू शकत नाही, बाटलीत वाढवू शकत नाही. शंभर वर्षं लोक डोकं फोडतायत. आणि तो चुन्याच्या भिंतीवर पिकलाय."

आकडेवाल्यांनी पुन्हा एकदा डोळा लावून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे भिंत जिवंत आहे, असं लिहायचं का?"

त्यांना विनोद करायचा होता. खोलीत तो पडून राहिला, कोणी उचलला नाही.

५

सवय वाईट. दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेसमोरून जाताना बाई मनातल्या मनात दारांना गुण देत गेल्या. पहिलं दार सात. मग आठ. फवारणीवाल्याचं आठ. स्वतःचं दार आलं आणि त्यांची पावलं थांबली. भिंतीचा चुना दिसेनासा झाला होता. हे दार कुठल्याही शेतात नऊच ठरलं असतं.

मग त्यांनी मागे वळून शेताकडे पाहिलं. शून्य. अख्खं शेत शून्य. आतले वाण हिरवे, बळीची ओळ हिरवी, आणि तिच्या कडेने, जिथे आजारी पडणारी ओळ असायला हवी तिथे, नेमकी तिथे, घरांची रांग.

बाई घरात गेल्या. आई पलंगावर बसून शिव्या देत होती. शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेली बाई, शिव्याही नकाशावर बोट ठेवल्यासारख्या नेमक्या द्यायची.

"आई, दंड दाखव."

"काही नाही गं. खाज आहे."

"दाखव म्हणते ना."

डाव्या दंडावर, कोपराच्या वर, बारीक तांबूस पुटकुळ्या. उभ्या रेघांत. बाईंनी रुमालाने अलगद पुसलं. रुमाल विटकरी झाला.

"आपण आज इथून निघायचं."

"का म्हणून? मी काय गव्हाची ओंबी आहे?" आईने बाही खाली ओढली. "आणि जायचं कुठे? तुझ्या भावाकडे? त्याच्या बायकोचं तोंड बघत बसण्यापेक्षा खाजवत बसेन."

बाई तो रुमाल घेऊन तडक संचालकांकडे गेल्या. रांग रिकामी करा, आजच्या आज, असं उभ्याउभ्याच म्हणाल्या. पाहुणेघर रिकामं होतं, आदेश तेवढा त्यांच्या सहीचा लागायचा.

संचालकांनी रुमालाकडे पाहिलं, हात लावला नाही. "समिती येतेय. पाहुणेघर तिच्यासाठी सजवलंय. आणि अशा वेळी मी लोकांना घरं सोडायला लावू? काय सांगू?"

"माणसं आजारी पडतायत, असं सांगा."

"एक करू," संचालक आवाज मऊ करून म्हणाले. "तुम्ही चाचणी ग्राह्य म्हणून सही करा. मी आईंना आजच पाहुणेघरात खोली देतो. फक्त आईंना. बाकीच्यांचं समिती गेल्यावर बघू."

बाईंनी टेबलावरचं पेन उचललं. संचालक हसले. बाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि ते त्यांच्याच खिशात अडकवून दिलं.

"हे तुमच्यापाशीच ठेवा. उद्या जबाब लिहायला लागेल."

६

सकाळी प्रत्येक दारासमोर एक खुंटी ठोकलेली होती.

शेतात प्रत्येक वाफ्यापुढे अशी खुंटी असते. तिच्यावरचा आकडा पाहून कळतं वाफा कुठला, वाण कुठला. तो आकडा गेला तर वाफा म्हणजे नुसतं गवत. या खुंट्या तशाच होत्या, तेवढ्याच उंचीच्या, वरचं टोक तासलेलं, तासलेल्या जागी आकडा. लाकूड मात्र ओलं होतं आणि ते कुठल्या झाडाचं हे बाईंना सांगता येईना.

रांगेतले सगळे बाहेर आले होते. कोणी आपल्या खुंटीला हात लावत नव्हतं. दातात ब्रश धरलेले, टॉवेल गुंडाळलेले, सगळे आपापल्या आकड्यामागे उभे.

"ही तुमची मांडणी?" बाईंनी आकडेवाल्यांना विचारलं.

आकडेवाले रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आले. चेहरा खडूसारखा झाला होता. "माझी नाही. ऑफिसचीही नाही, त्यांना धड रांगेत उभंही राहता येत नाही. पण खोट काढायला जागा नाही, बाई. ज्याने केलंय त्याला हे काम येतं."

"बळीच्या ओळीचं पुढे काय करतात, मॅडम?" फवारणीवाल्याच्या बायकोने विचारलं. "गुण देऊन झाल्यावर?"

तिच्या नवऱ्याने खाली पाहिलं. उत्तर त्याला ठाऊक होतं. दर हंगामाला तोच ती ओळ उपटून जाळायचा.

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. भीती होतीच, खोटं कशाला सांगा. पण भीतीच्या वर राग होता आणि राग जुना होता. काचेखालच्या फोटोंवरचा होता, पेपर न वाटता पास होणाऱ्यांवरचा होता, टेकाडावरच्या लख्ख काचांवरचा होता. आपण जन्मभर ज्या ओळीकडे वाकून पाहिलं, तिला कुणी कधी विचारलं नव्हतं, तुला आजारी पडायचंय का म्हणून. पण ती ओळ गव्हाची होती. ही माणसांची होती, आणि माणसांना तोंड असतं.

त्या वाकल्या. आपल्या दारासमोरची खुंटी दोन्ही हातांनी हलवली आणि उपटली. मुळं असल्यासारखी ती आधी अडली, मग सुटली.

"चाचणी कशाने मरते, आकडेवाले?"

आकडेवाल्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. "आकडे मिसळले की. एकदा खुंट्यांची सरमिसळ झाली की देव आला तरी निकाल लावता येत नाही."

"मग बघता काय?"

पुढची काही मिनिटं त्या रांगेत जे चाललं ते पाहून कोणालाही वाटलं असतं की यांना वेड लागलंय. ह्याची खुंटी त्याच्या दारात, त्याची तिसऱ्याच्या, एक उलटी, एक नाल्यात. फवारणीवाल्याने आपली खुंटी नेऊन मोरीशेजारी ठोकली. "घे, मोरीला नऊ गुण दे," तो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी रांगेत कोणीतरी मोठ्याने हसलं.

७

संध्याकाळी पंपाचा आवाज आला नाही.

सामान बांधायचं ठरलं होतं. परवानगीची वाट पाहत बसायचं नाही, हेही ठरलं होतं. आई मात्र अजून चपलेवरून वाद घालत होती. उजेड जेमतेम उरला होता. बाई बोचक्याला गाठ मारत असताना खिडकीची काच अंधारली.

काचेवर आतून वाफ होती, म्हणून बाहेरचं धड दिसत नव्हतं. कोणीतरी दारासमोर, खुंटीपाशी वाकलं होतं. कमरेत वाकून, मान एका बाजूला कलवून आकडा वाचत होतं. बाईंना ते वाकणं ओळखीचं वाटलं. त्या स्वतः तशाच वाकायच्या. मग तो आकार सरळ झाला, शेजारच्या दारापाशी गेला, तिथे वाकला, आणि परत आला. पुन्हा वाकला. चुकलंय काहीतरी, हे त्याला कळलं होतं.

बाई स्वतःला सांगत होत्या, आकडेवाले असतील. पण आकडेवाले तर आतल्या खोलीत आईची पेटी उचलत होते. संचालकांनी कोणाला पाठवलं असेल. असेल. पण आकार वाकला तेव्हा त्याचं डोकं छपराच्या पन्हाळीच्या वरून खाली आलं होतं.

मग काचेवर बाहेरून काहीतरी टेकलं. हात म्हणावा तर बोटं जास्त नव्हती, कमीही नव्हती, पण ती सगळी एकाच लांबीची होती. त्यांनी काच चाचपली, जसं पान पालथं करायच्या आधी त्याची कड चिमटीत धरतात. चौकट करकरली. सबंध भिंत किंचित, अगदी किंचित, वर उचलल्यासारखी झाली आणि जमिनीलगतच्या फटीतून संध्याकाळचा उजेड आत आला.

बाईंनी आईला मागे सारलं. पुढचं त्यांनी ठरवून केलं नाही. कोपऱ्यातली केरसुणी उचलली आणि तिच्या मुठीने काचेवर दणादण हाणलं.

"रद्द!" बाई ओरडल्या. "ही चाचणी रद्द! ऐकू येतंय का? मिसळलंय सगळं! एकही गुण धरता येणार नाही तुला! मी सांगते, रद्द!"

काच तडकली. भिंत खाली बसली. उजेडाची फट मिटली. बाहेर काहीतरी सरळ उभं राहिल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ, बराच वर जात राहिला.

"कोणावर ओरडलीस?" आईने विचारलं.

"माहीत नाही."

"बरं केलंस," आई म्हणाली, आणि मुकाट्याने चपला घातल्या.

८

पाहुणेघराला कुलूप होतं. फवारणीवाल्याने ते तोडलं, आणि तोडताना "हे संचालकांच्या नावाने" असं म्हणाला. समितीसाठी घातलेल्या पांढऱ्या चादरींवर रांगेतली माणसं, पोरंसोरं, बोचकी झोपली. बाईंनी आईचा दंड गरम पाण्याने स्वतः धुतला. भुकटी निघून गेली. खाली कातडी लाल होती, पण सलग होती. हे त्यांनी दिव्याखाली नीट पाहून घेतलं.

सकाळी समिती आली ती थेट या गर्दीत. संचालक धावत आले. शिस्तभंग, अतिक्रमण, निलंबन, असे शब्द त्यांनी उधळले. समितीच्या प्रमुख एक म्हाताऱ्या बाई होत्या, काठी टेकत चालणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तांबेराबाईंना एकच विचारलं.

"बळीची ओळ?"

"निरोगी."

"मग चाचणी रद्द. यात इतकं बोलण्यासारखं काय आहे?"

संचालकांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. लोकांनी ते मनसोक्त पाहिलं. नवा वाण अडला. रांग रिकामी झाली, सगळ्यांना केंद्राबाहेर भाड्याची घरं मिळाली. प्राध्यापकपदाचा कागद पुढे कधी दिसला नाही. "काचेखाली पिवळा पडला असेल," बाई म्हणायच्या.

९

रिकाम्या घरांना चुना द्यायला रंगारी गेले आणि तासाभरात परत आले. म्हणाले, आधी गवंडी पाठवा, भिंतींना भोकं आहेत.

बाई आणि आकडेवाले पाहायला गेले. प्रत्येक घरात, मागच्या भिंतीत, एक चौकोन कापलेला होता. तळहाताएवढा. चुना, गिलावा, वीट, सगळं आरपार, कडा सुरीने कापाव्या तशा. भोकातून पलीकडचा उजेड दिसत होता. कापलेला तुकडा कुठेच नव्हता, खाली भुगाही नव्हता.

"चोर म्हणावं तर नेलं काय? भिंत?" आकडेवाले म्हणाले.

बाई एकेका भोकापाशी वाकून पाहत गेल्या. रोगट पानाचा नमुना घ्यायचा तर तो डागाच्या मधून कधी घेत नाहीत. मधलं सगळं मेलेलं असतं. तो कडेवर घ्यायचा, अर्धा डागातून, अर्धा निरोगी भागातून, कारण रोग जिवंत असतो तो तिथे. पहिल्या वर्षाची पोरं हमखास मधूनच कापतात. इथे ती चूक एकाही भिंतीत झालेली नव्हती. प्रत्येक चौकोनाची अर्धी बाजू तांबूस होती, अर्धी पांढरी.

त्या धावतच भाड्याच्या घरी आल्या. आई खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होती.

"आई, दंड दाखव."

"आता काय? खाज कधीच गेली."

बाईंनी बाही वर केली. दंडावर, जिथे पुटकुळ्यांची शेवटची रेघ होती नेमकी तिथे, नखाएवढा चौकोन होता. खपली नाही, व्रण नाही. त्या चौकोनातली कातडी तान्ह्या मुलाची असावी तशी नवी होती, सुरकुती नसलेली. आईला कधी काही दुखलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, जन्मखूण असेल.

बाईंनी केंद्राला लेखी विचारलं, समितीला विचारलं, वर ज्यांना ज्यांना विचारता येतं त्यांना विचारलं, आणि अजून विचारतात. खुंट्यांबद्दल उत्तर आलं: खोडसाळपणा. भिंतींबद्दल आलं: गवंडीकामातली हयगय. चाचणीबद्दल तर चार पानं आली. पाहुणेघरात दिव्याखाली सलग पाहिलेल्या दंडातून तो चौकोन कोणी कापून नेला, आणि तो तुकडा आत्ता कुठे ठेवलेला आहे, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.